गिरगावातल्या खोलीचं दार

॥ श्री ॥
हिंदू कॉलनी, दादर
२८ जून १९५९

प्रिय मित्र चिंतामणी यास,
दत्तारामचा स. न. वि. वि.

आपली चाळ सोडून मी माधवच्या ब्लॉकात राहायला आलो, त्याला आता महिना होईल. तू म्हणशील, मुलगा प्रोफेसर झाला, बापानं सुख भोगावं. भोगतोय. चार खोल्या आणि माणसं तीन: माधव, सूनबाई आणि मी. नळ घरात, संडास घरात. सकाळी बादली घेऊन रांगेत तुझ्याशी भांडायची सोयच राहिली नाही.

वस्ती सगळी शिकलेली. खाली मद्रासी डॉक्टर, वर निवृत्त जज्ज, समोर कापडवाले कांतिलालभाई. रस्त्यावर दिवसभर कॉलेजची मुलं, कुणाच्या हातात पुस्तकं, कुणाच्या हातात रॅकेट. संध्याकाळी लोक कुत्र्यांना फिरवायला नेतात. आणि दारं सगळी बंद. शेजारी जायचं तर घंटी वाजवायची, आणि वाजवली की विचारतात, काय काम होतं? काम नसतानाही माणूस माणसाकडे जातो, हे इथे कुणाच्या गावीच नाही.

माधव म्हणतो, गिरगावातली खोली आता सोडून टाका. मी साफ नाही म्हटलं. इथे नाही जमलं तर परत यायला तेवढीच जागा आहे मला. शिवाय लक्ष्मीचा सगळा संसार त्या खोलीत झाला. किल्ली तुझ्यापाशी आहे, ती जप. दुर्गावहिनींना नमस्कार. लोभ जुनाच आहे, तो तसाच चालू ठेवावा.

तुझा,
दत्ताराम

॥ श्री ॥
गिरगाव
६ जुलै १९५९

प्रिय दत्तू यास,
चिंतामणीचा स. न. वि. वि.

पत्र गॅलरीत मोठ्यानं वाचलं. घंटीच्या मजकुराला सगळी चाळ हसली. आता तुला पेपर वाचून दाखवायला कुणी नाही आणि मला खोडून काढायला कुणी नाही. संयुक्त महाराष्ट्राचं काय होणार, यावर मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो.

तुझ्या खोलीची काळजी करू नकोस. दिवेलागणीला ही कुलूप काढते, लक्ष्मीवहिनींच्या देवापुढे दिवा लावते आणि तासभर दार उघडं ठेवते. बंद दार आपल्या चाळीत बरं दिसत नाही. मोर्चा आला म्हणजे त्याच उंबऱ्यावर हंडे ठेवून वहिनी पोरांना पाणी द्यायच्या, त्याची आठवण कालही निघाली.

आमच्याकडे सर्व ठीक. वसंताचं लग्न गेल्या मार्गशीर्षात ठरलं, ते अजून ठरलेलंच आहे. एका खोलीत आम्ही सहा जण, त्यात नवी सून आणून बसवायची कुठे? मुलीकडची ठाकुरद्वारची मंडळी भली, दम धरून आहेत. जागा बघतोय, मिळेल. तोवर वसंताची स्वारी तुझ्या दारासमोर गॅलरीत पथारी टाकते. पावसाची झड आली की उठून बसते, एवढंच.

गणपतीला यायचं, सबब चालणार नाही. ममता आहे ती कमी करू नये.

तुझा,
चिंतामणी

॥ श्री ॥
दादर
१९ जुलै १९५९

प्रिय चिंतामणी यास,
स. न. वि. वि.

परवा मी एक घोटाळा केला. दुपारी सूनबाई लायब्ररीत गेल्या होत्या. मी आपल्या सवयीनं ब्लॉकाचं दार सताड उघडं टाकलं आणि उंबऱ्याशी खुर्ची घेऊन पेपर वाचत बसलो. जिना चढून दोन विद्यार्थी आले. उघडं दार आणि आत मोकळी बैठक बघून त्यांना वाटलं, इथे खोली भाड्यानं द्यायची आहे. मला वाटलं, कुणीतरी आपणहून भेटायला आलं! चहा केला, चिवडा काढला, गावाकडची चौकशी केली. सूनबाई येऊन बघतात तर दिवाणखान्यात पंगत बसलेली. ललिता गुणी पोर आहे, हसत सुटली.

पण चिंत्या, त्यातला एकजण चिपळूणकडचा. महिनाभर या कॉलनीत दारोदार जागा शोधतो आहे. एवढे मोठे ब्लॉक, आणि प्रत्येक दारावर नकार. जाताना त्यानं विचारलं, आजोबा, तुमच्या माहितीत कुठे रिकामी खोली आहे का? मी पटकन नाही म्हणालो.

म्हणालो आणि गिरगावची खोली आठवली. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. वसंता पावसात भिजतो तो कुणाच्या दारासमोर, हे तूच लिहिलं होतंस, आणि मी हसून पुढे गेलो होतो. ती खोली वसंताला दे. मालकाकडून त्याच्या नावावर करून घे.

दत्ताराम

॥ श्री ॥
गिरगाव
२७ जुलै १९५९

प्रिय दत्तू यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. डोळ्यांना पदर लावून ही म्हणाली, भावोजींना नाही म्हणून कळवा. माझंही तेच म्हणणं आहे. मी जागेचं लिहिलं ते घरची खबर म्हणून, मागणी म्हणून नव्हे. उद्या सुनेशी दोन शब्द झाले, तर तू जायचं कुठे? मित्राचा परतीचा रस्ता बुजवून मला मुलाचं लग्न करायचं नाही. वसंता आज ना उद्या काहीतरी शोधील. हा विषय पुन्हा नको. राग मानू नये.

तुझा,
चिंतामणी

॥ श्री ॥
दादर
९ ऑगस्ट १९५९

प्रिय चिंतामणी यास,
स. न. वि. वि.

राग आला आहे, तो मानतो. पन्नास वर्षं तू माझं प्रत्येक म्हणणं खोडून काढलंस, हे एक राहू दे.

मला हे सोपं जात नाही, तुझ्यापासून काय लपवू? लक्ष्मी गेली तेव्हा तिचं डोकं त्या खिडकीकडे होतं. पण ती असती, तर वसंताला एक दिवसही बाहेर झोपू दिलं नसतं. माझ्याही आधी किल्ली देऊन मोकळी झाली असती.

आणि माझं इथे जमेल. आता रविवारी दुपारी ललिताच दार उघडं ठेवते. चार-पाच विद्यार्थी येतात. कांतिलालभाई घंटी न वाजवता बुद्धिबळ घेऊन येतात. आधी विचारतात, मुंबई तुमची झाली तर आमचं काय? मी सांगतो, तुमचा घोडा सांभाळा.

येत्या रविवारी येतो आणि लक्ष्मीचे देव घेऊन जातो. दिवा तोवर लावा. वाद घालायचा तर गाडीभाडं खर्चून इथे येऊन घालावा.

दत्ताराम

॥ श्री ॥
गिरगाव
२२ मे १९६०

प्रिय दत्तू यास,
स. न. वि. वि.

वसंताच्या लग्नात तुझ्याशी दोन शब्द बोलायला झालं नाही, म्हणून हे पत्र. महाराष्ट्र झाला त्या दिवशी लावलेल्या पताका आम्ही उतरवल्याच नाहीत, त्यांच्याखालूनच वरात आली. तू बघितलंसच, राधानं माप ओलांडलं ते तुझ्या उंबऱ्यावरचं.

आता पुढची बातमी. काल दुपारी पेपर घेऊन मी सवयीनं तुझ्या खोलीकडे गेलो, तर दार आतून बंद. आपल्या चाळीत भरदिवसा दार बंद! हात उचलला, आणि तुझ्या कॉलनीतली घंटी आठवली. काय काम होतं, असं विचारलं असतं तर? काम काहीच नव्हतं. आत बांगड्या वाजल्या, कुणीतरी हसलं. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. देव तू नेलेस तरी हिनं तिथला दिवा सोडलेला नाही; संध्याकाळी निरांजन घेऊन निघाली, तीही अर्ध्या वाटेतून परतली आणि गालातल्या गालात हसत बसली.

दत्तू, वर्षभर आम्ही ते दार उघडं ठेवत होतो आणि आत नुसता दिवा होता.

तुझी खुर्ची गॅलरीत ठेवली आहे, तिच्यावर कुणाला बसू देत नाही. येत जा. घंटीची गरज नाही, मात्र जिन्यातून खाकरत ये.

तुझा,
चिंतामणी