पुसट आलेली हनुवटी

उस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमचा लाकडी डब्बा माझ्या स्टुडिओत काचेमागे ठेवलाय. गिऱ्हाइकं विचारतात, यातून खरंच फोटो निघायचा? मी हसून सांगतो, तुमसरच्या अर्ध्या बाजाराची तोंडं यातूनच निघाली. राईस मिलची हमाली सोडून मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुमचे कान गेलेच होते; गिऱ्हाइकाचं म्हणणं तुम्ही माझ्या कानांनी ऐकायचात आणि माझ्या ओठांवरून वाचायचात. म्हाताऱ्या म्हणायच्या, हा डब्बा जीव ओढते. तुम्ही म्हणायचात, "मंग मी इतका वाळलो काहून?"

लाखांदूरकडच्या त्या गावातली दुपार मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एका शेतकऱ्याची माय सकाळी गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून तो आपल्याला घ्यायला आला. आपण एसटीने पोचतो तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार आहे. मायला खुर्चीत बसवलंय, कपाळ पंच्याने खुर्चीच्या पाठीला बांधलंय, हनुवटीची पट्टी फोटोपुरती सोडलीय. मी खुर्चीमागे पांढरी चादर ताणून उभा. तुम्ही भिंगाची टोपी काढता, चार आकडे मोजता, टोपी बसवता. मग काळ्या बाहीतून डब्ब्यात हात घालून आतल्या आतच कागद धुता. उलटा फोटो निघतो, तोंड काळं, केस पांढरे. खुर्चीचे वेत मोजता यावेत इतके स्पष्ट. फक्त तोंड आणि हनुवटी पुसट.

तुम्ही मला गोठ्याकडे नेलंत. "खुर्ची साफ आली. मंग तोंडच काहून हललं गा? तुले काही आयकू आलं काय?"

मी म्हटलं, "नाही उस्ताद. पट्टी सोडली ना, जबडा उतरला असन."

तुम्ही मायचा पुन्हा फोटो घेतलात, तो दुसरा कागद लख्ख आला. लेक तो फोटो हातात धरून म्हणाला, "माय आता बोलन असं वाटते." आपण एसटीची वाट पाहत होतो तेव्हा तलावापलीकडे धूर दिसला. त्यानंतर मेलेल्या माणसाच्या फोटोचं बोलावणं आलं की तुम्ही सांगायचात, डब्बा बिघडला आहे. शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला पुन्हा विचारलंत. मी पुन्हा जबडाच सांगितला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. चादरीमागे मला श्वास ऐकू आला होता. एकच, लांब. सारं गाव रडून मोकळं झालं होतं, आणि मला मध्येच बोलायची लाज वाटली.