बाराव्या आर्येची मरळ

९ मे १९३४, बुधवार

हरलो तर वही जाणार! काय बोलून बसलो मी!

पारावर सगळ्यांदेखत जानराव म्हणाला, "अबे मास्तर, तुह्या कवितेनं एक तरी मासा गावला काय? नुसता काठी धरून बसून राह्यतं!" लंगोटीयारच तो, पण झोंबलं. रविवारी, वीस तारखेला, गाव जाळी-टोपल्या घेऊन तळ्यात उतरणार. दर उन्हाळ्यात पाणी आटलं की उतरतंच, आणि पहिलं जाळं जानरावचं. त्याआधी बाभळीखालची ती मोठी मरळ गळानं धरून दाखवतो, म्हणालो. धरली, तर जानरावनं कविता म्हणायची. नाही, तर माझी वही त्याची.

"चिलीम पेटवाले कामी येईन," म्हणाला!

गावच्या शाळेत बोरूनं आर्या उतरवून घेतलेली वही. अकरा वर्षांचा होतो. आम्ही आत आर्या घोकायचो, जानराव खिडकीबाहेर म्हशी राखायचा. त्या शाईचा वास अजून येतो...

११ मे

काही नाही. मरळ वर येते, हवा गिळते, गडप! मी गळाला लावलेली बेडकी टाकेपर्यंत पाणी शांत. दर वेळी उशीर.

१२ मे

सापडलं!!

हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. पण कधी? घड्याळ कुठलं माझ्याजवळ! सवयीनं आर्या म्हणत बसलो होतो — बारावी संपली नि पाणी फुटलं. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. पुन्हा बारावीलाच! चार वेळा!

जागाही ठरलेली — लव्हाळ्याच्या कडेला, बाभळीची सावली संपते तिथं. सावली सरकली की तीही सरकते. म्हणजे वर आल्यावर बेडकी टाकायची नाही. अकरावीलाच टाकून ठेवायची. एवढी साधी गोष्ट!

१४ मे

योगायोग नव्हे ना? म्हणून आज पलीकडे, बोरीच्या सावलीला बसलो. तिथली मरळ लहान, घाईची — नववीलाच वर येते. आठवीला बेडकी सोडली. गावली! मग दगडांच्या सावलीत. तिथंही गावली!

तांड्यावरचा सोमला म्हशी पाजायला आला होता. बघतच राहिला. "गुर्जी, मंतर म्हनून राह्यले काय?"

"मंतरच समज." दोन्ही मासे त्यालाच दिले.

१७ मे

आभाळ. सावलीच नाही, तर कड कुठली? घरी.

१९ मे

धरली!

अकरावी आर्या. बेडकी सावलीच्या कडेला. बारावीचा शेवटचा शब्द ओठांवर, नि काठीची कमान! दीड हात लांब, काळीभोर. काठावर ओढली, ओरडलो, या वयात नाचलोसुद्धा!

मग पाण्याकडं नजर गेली. ती होती तिथं लाल लाल पिलं वर आलेली — शेकडो, बोटाच्या पेराहून लहान, नुसती गोंधळलेली. म्हणून ती ही जागा सोडत नव्हती होय! तेवढ्यात लव्हाळ्यातून दुसऱ्या माशांनी त्यांच्यावर झडप घातलीही.

गळ काढला. सोडून दिली.

मागं सोमला उभा. "सोडली? गुर्जी! अन् वही?"

"कोणाला बोलू नको."

दिवेलागणीला वही जानरावला देऊन आलो. नाही धरली, एवढंच म्हणालो. वाटलं हसेल. हसला नाही. "रडला काय बे?" म्हणाला.

"धूर गेला डोळ्यात."

२० मे

गाव तळ्यात उतरलं. मी घरी. गलका इथवर येत होता. दुपारी सोमला आला. "जानरावभाऊनं बाभयीकडं कोनाले जाऊ नाई देल्लं. म्हने, तिकडं साप हाय."

"तू सांगितलंस त्याला?"

"सांगतलं, गुर्जी. तुमची वही गेली म्हनून."

२१ मे

सकाळी तळ्यावर गेलो. बाभळीखाली जानराव! एकटाच. मांडीवर माझी वही, उलटी धरलेली — वाचता कुठं येतं त्याला! पण पाण्याकडं बघत आर्या म्हणत होता. मोठ्यानं, एकामागून एक, एक शब्द न चुकता.

बारावीला पाणी फुटलं.