फोकटच्या सिस्टिमचा भाव

सोमवार, ६ ऑक्टोबर

वामनराव सर इन्स्टिट्यूट बंद करून राहिले! दिवाळीनंतर कुलूप. फोनवर असं सांगितलं, जसं दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणावं.

अकोल्याच्या त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बारावीनंतर सहा महिने मी बोटं बडवली. तिथेच पहिल्यांदा कॉम्प्युटरचं झाकण काढून आत पाहिलं. सर ओरडले नाहीत, उलट स्क्रूड्रायव्हर आणून दिला. आज अमरावतीत गाडगेनगरला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे ते त्या स्क्रूड्रायव्हरमुळे.

सरांकडे चौदा मशिनी. सगळ्या जुन्या. त्यातली विंडोज येत्या १४ तारखेपासून कंपनी सांभाळणार नाही, आणि नवी विंडोज या मशिनींवर चढत नाही. डीलरने नव्या चौदा मशिनींचं कोटेशन पाठवलं. त्यात नुसत्या सिस्टिमचेच, म्हणजे विंडोजचेच, एका मशिनीमागे अकरा हजार वेगळे.

सर भडकलेले. "आठ वर्षांमांगं तू तीनशे रुपयात टाकून देल्ती. तीनशेचे अकरा हजार? लुटून राहिले का लोकायले?"

मी नुसतं हं हं केलं आणि घाईने फोन ठेवला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

फोन घाईने काहून ठेवला ते लिहूनच टाकते. ही वही कोणी वाचत नाही.

त्या तीनशेतली विंडोज चोरीची होती. माझ्याकडून जाणाऱ्या सगळ्याच. लोक येतात, म्हणतात, "मॅडम, फॉरमॅट मारून द्या." मी एकाच पेनड्राइव्हवरून सगळ्यांना मारून देते. सगळेच देतात. समोरचा गजेंद्र तर अडीचशेत देतो. गावाला खरंच वाटतं की सिस्टिम ही तीनशे रुपयांचीच चीज आहे. कुठून आली, कोणी विचारतच नाही.

सरांनी विचारलं होतं. २०१७ मध्ये, शेवटच्या मशिनीवर काम सुरू होतं तेव्हा. "ओरिजनल आहे न?" मी म्हटलं, हो सर. मान वर केली नाही.

आता सर कंपनीला शिव्या देतात. त्या शिव्या माझ्या आहेत!

बुधवार, ८ ऑक्टोबर

उपाय सापडला — लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम! जुन्या मशिनीवर पळते, आणि फुकट आहे. चोरून फुकट नाही, बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. दुकानातल्या सर्वात रद्दी मशिनीवर टाकून पाहिली. अर्ध्या मिनिटात सुरू! मला नाचावंसं वाटलं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून नाचली नाही.

लगेच सरांना फोन लावला. म्हटलं, सर, एक रुपया लागत नाही, मशिनी त्याच राहतील, इन्स्टिट्यूट चालेल. सर म्हणाले, "फोकट कोन देते बा? चोरीचा माल असन तो. आपल्या इथं चोरीचं चालत नाही, साधना. तुले मालूम आहे."

काय बोलावं! जी चोरीची होती ती आठ वर्षं खरी म्हणून चालवली, आणि खरी आणली तर ती चोरीची. असं उलटं त्यांच्या डोक्यात कोणी भरलं? मीच.

एकतीस जणांचे डिसेंबरच्या परीक्षेचे फॉर्म भरलेले आहेत. कुलूप लागलं तर ते प्रॅक्टिस कुठे करतील?

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज सांगणार होती. नाही सांगितलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सांगितलं. फोनवरच — समोर जाऊन सांगायची हिंमत नाही. भित्री आहे मी.

एका दमात बोलून टाकलं. सर, तुमच्या चौदाही मशिनींवर मी चोरीची टाकली होती, तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलली, कंपनीने भाव वाढवला नाही, तीनशे हा भाव कधी नव्हताच. ही फुकटची आहे ती मात्र खरी आहे. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि फोन कट झाला.

आईने विचारलं, काय झालं वं, तोंड काहून उतरलं? म्हटलं, काही नाही. लग्नाचा विषय तिने आता सोडलाय, पण तोंडाचा सोडत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्राजक्ताचा फोन! ही सरांकडची तेल्हाऱ्याची मुलगी, सकाळी स्वतः शिकते, दुपारी नव्यांना शिकवते. म्हणाली, सरांनी निरोप दिलाय, उद्या या आणि चौदाही मशिनी करा. मी विचारलं, सर स्वतः काहून बोलले नाहीत? ती म्हणाली, ते इथंच बसून आहेत, पण म्हणतात तूच बोल.

जाते.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळच्या एसटीने अकोला, संध्याकाळी परत. पाठीचा भुगा झाला.

सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहा आला. सर म्हणतात, "प्राजक्ता, तिले सांग, साखर कमी आहे." मी तीन फुटांवर! मीही म्हटलं, प्राजक्ता, सरांना सांग, चालते. ती बिचारी दोन्हीकडे मान हलवून थकली. हसावं की रडावं!

नऊ मशिनी झाल्या.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज सकाळी सगळं बोंबललं.

प्राजक्ता नव्या सिस्टिमवर मराठी टाइप करायला बसली. तिचा स्पीड मिनिटाला अडतीस शब्द. आज नऊ आला! कीबोर्ड रेमिंग्टनच, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारखाच, निवडला होता, पण त्यातला रफार, अर्धी अक्षरं, श्र, सगळं भलत्याच बटणांवर. तिने हात काढून मांडीखाली दाबून ठेवले. हळूच म्हणाली, "ताई, परीक्षेच्या सेंटरवर तर जुनंच राहीन न? माही बोटं बिघडली त मी काय करू?" तिच्या बापाने वर्षाची फी भरली आहे. मी भैताडासारखी उभी. स्वतः इथे शिकली, आणि बोटांचा विचारच केला नाही!

छापील तक्ता आणला, तोही दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातला निघाला. शेवटी विचारलं — प्राजक्तामार्फत — की सर, आपल्याकडे रफार नेमका कोणत्या बटणावर शिकवतात? चाळीस वर्षं शिकवणारा माणूस, त्यांना सांगताच येईना! दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबले. मग डोळे मिटले, दोन्ही हात रिकाम्या टेबलावर ठेवले आणि ‘मार्च’ टाइप केलं. कीबोर्ड नाही, काही नाही. कोणतं बोट कुठे पडलं ते मी पाहिलं आणि लिहून घेतलं.

मग दुपारभर तेच. मी शब्द म्हणायची — श्रावण, कर्ज, पुष्कळ, ज्ञानेश्वर. सर टेबलावर बोटं चालवायचे. मी बटणं बदलत गेली. आम्ही तसे बोललो कुठे! पण एवढं चांगलं मला कितीक दिवसांत वाटलं नव्हतं.

पाच वाजता प्राजक्ताचा स्पीड छत्तीस.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

चौदाही झाल्या. सर एकेका मशिनीपुढे बसून ‘कर्ज’ टाइप करून पाहत गेले.

निघताना प्राजक्ताने विचारलं, सर म्हणतात भाव किती? मी म्हटलं, शून्य. मला वाटलं माफी मागायची हीच बरी संधी आहे.

सर गर्रकन वळले. तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "पैले चोरीचं विकलं आन खरं म्हनलं. आता तीन दिवस राबली आन शून्य म्हनते. हेबी खोटंच आहे. खरा भाव काढ, कागदावर लिहून पाठव."

एसटीत बसली तेव्हा कान गरम. सिस्टिम फुकट आहे तर मी कशाचे मागू?

रविवार, १९ ऑक्टोबर

आई बाजारात फुलं विकते, आज तिच्यापुढे झेंडूचा ढीग. दिवाळीची गर्दी, उभं राहायला जागा नाही. पुड्या बांधता बांधता विचारलं, आई, तू भाव कसा काढतेस? म्हणाली, वेडी झाली का, बाजार पाहून काढते. मी म्हटलं, समज तू माल घेतेस तो अंजनगावचा मळेवाला फुलं फुकट देऊ लागला, मग? मग तू फुकट विकशील?

ती थांबली. "झाड माहं नाही. झाडाचे मी कशाले घेऊ? पाह्यटी उठून आनते, पानी मारते, दिवसभर बसते, त्याचे घेईन. आन सडकं निंगालं त बदलून देते, त्याचेबी घेईन." आणि पुढच्या बाईला पावशेर तोलून दिला. माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही.

मी दोन दिवस डोकं फोडून राहिली, आणि हिने पाच सेकंदात सांगितलं!

सोमवार, २० ऑक्टोबर

कागद लिहिला. सिस्टिमचे शून्य. माझ्या मेहनतीचे एका मशिनीमागे सातशे: जुनी माहिती सांभाळून काढणे, सिस्टिम टाकणे, प्रिंटर, मराठी, आणि शिकवणे. वर्षभर बिघडलं तर जबाबदारी माझी. सरांना मात्र चारशे, कारण मराठीची बटणं एकदा बसवली, बाकी तेरांना तीच उचलून लावली. हेही कागदावर लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. फोटो काढून सरांना पाठवला.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. दुकान उघडलं आणि पाटी लावली — सिस्टिम शून्य रुपये, मेहनत सातशे, वर्षाची जबाबदारी माझी, चोरीची विंडोज मारून मिळणार नाही. पेनड्राइव्ह पुसून टाकला.

पहिलं गिऱ्हाईक पाटी वाचून खो खो हसलं. "मॅडम, चोरीचीचे तीनशे आन फोकटचीचे सातशे?" आणि समोर गजेंद्रकडे गेलं. दिवसभरात असे सहा.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज चार गेले. एक राहिली — भावना मॅडम, शाळेतल्या. अर्धा तास समजावून घेतलं, प्रश्न विचारून पिसं काढली, मग मशीन ठेवली. जाताना म्हणाल्या, खरं सांगितलं ते बरं केलं. दिवसभर तेवढ्यावर चालली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

प्राजक्ताचा फोन. स्पीड एक्केचाळीस! इन्स्टिट्यूट सुरू आहे, कुलपाचं कोणी नाव काढत नाही, सकाळच्या बॅचला पाच नवे आले. मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. एवढं तरी माझ्या हातून नीट झालं.

चौदा मशिनींचे पैसे कालच आले, पूर्ण. सोबत शब्द एक नाही. मी विचारलं, सर माझ्याबद्दल काही बोलतात? प्राजक्ता म्हणाली, नाही ताई.

शनिवार, १ नोव्हेंबर

पाटी काढू का? नाही काढत.

सोमवार, ३ नोव्हेंबर

अकराच्या सुमारास दुकानात दोघं जण पाटीवरून हुज्जत घालून राहिले होते. सातशे काहून, गजेंद्र अडीचशेत देतो, तुमची सिस्टिम तर फुकटची. मी समजावून समजावून थकली. तेवढ्यात त्यांच्या मागून आवाज आला. दारात वामनराव सर! अकोल्याहून एसटीने आलेले, घरचा सीपीयू टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेला.

सर माझ्याशी नाही, त्या दोघांशी बोलले. "हे पोरगी माह्याशी आठ वर्षांमांगं खोटं बोलली होती. कोनी पकडलं नाही तिले. सोताहून सांगतलं. आता ते म्हनते सातशे, त सातशेच असन."

दोघांनी मशिनी टेबलावर ठेवल्या. सरांनी आपली त्यांच्यामागे ठेवली, बाकावर बसले आणि थेट मला विचारलं, माझा नंबर कितवा. मी म्हटलं, तिसरा, सर.