अप्पांच्या गिटारीवरची घासलेली जागा

अप्पा, यंदा दसरा काढताना मी तुमची गिटार पॉलिशला दिली. आधीच सांगून टाकतो, नंतर धीर राहणार नाही. लातूरच्या घरात नेहमीसारखी धुणीपुसणी चालली होती. वाकळा गच्चीवर, डबे अंगणात. मी नांदेडहून सुट्टी काढून आलेलो. भिंतीवरून गिटार उतरवली, तर वाजवताना तुमचा उजवा हात टेकायचा तिथला रंग उडून आतलं लाकूड उघडं पडलेलं, जरा खोलगटच. मला वाटलं, सगळं घर चकाचक आणि अप्पांची गिटार अशी कळकट? ओळखीच्या सुतारानं ती घासून, खळग्यात लांबी भरून, नव्या कपाटासारखी चकचकीत करून दिली. मी वर त्याची पाठही थोपटली.

ती जागा कशी झाली हे मला माहीत नव्हतं असं नाही, हीच तर लाजेची गोष्ट. दिवसभर तुम्ही मोंढ्यात धान्याचं माप करायचात, संध्याकाळी तसेच लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन उभे राहायचात. हाताला तुरीची धूळ, वर घाम. वर्षानुवर्षं तो हात त्याच जागी घासला गेला. लहानपणी एकदा मी खोबरेल तेलाचं फडकं घेऊन ती पुसायला बसलो, तेव्हा तुम्ही दारातूनच ओरडला होतात, "वाजीव लेका, पाडलीस तरी चालंल, पर पुसू नको! माझा हात बसलाय तिथं." मी दिवसभर फुगून बसलो होतो. ओरडणं लक्षात राहिलं, का ओरडलात ते विसरलो.

मग नांदेडला, ऑफिसात डबा खाताना, शेजारच्यानं मोबाइल पुढे केला. परदेशातल्या कुठल्या नामांकित वादकाची गिटार लिलावात कोट्यवधींना गेली होती. मी हसत बघायला लागलो. फोटो कशाचे होते सांगू? ओरखड्यांचे. सिगारेटच्या चटक्याचे. हात घासून रंग गेलेल्या जागेचा तर एवढा मोठा, की लाकडाच्या रेषा दिसाव्यात. शेजारचा म्हणाला, "येडे हायत का हे? एवढ्यात नव्या किती येतील!" मी डबा तसाच झाकून ठेवला. तुमच्या गिटारीला कुणी दमडी दिली नसती, अप्पा. पण त्या लोकांनी परक्या माणसाचा हात जपला आणि मी बापाचा लांबी भरून बुजवला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

खंडेनवमीला आईनं पाटावर तुमचं माप, माझा लॅपटॉप आणि गिटार मांडली. तिला आता अंधुक दिसतं. विभूती लावायच्या आधी ती दर वर्षी त्या खोलगट जागेवर तळहात ठेवते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. यंदा तिचा हात काठावरून इकडं-तिकडं फिरत राहिला. "इथं न्हाई रे. बदलून आणलास का?"

"तीच हाय आई. पॉलिश केलंय फक्त."

"असंल मग," म्हणाली, आणि विभूती लावून उठली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळे सोनं वाटायला बाहेर पडले, तेव्हा मी गिटार घेऊन गच्चीवर बसलो. जुना फोटो समोर ठेवून, पॉलिश पेपरनं तिथला रंग उतरवला, लाकूड खोलगट होईस्तोवर घासत राहिलो. वर तुरीची धूळही चोळली. एवढी अक्कल आधी कुठं गेली होती कोण जाणे.

दिवाळीत आईनं गिटार मांडीवर मागितली. हात फिरवला, थांबली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "लागली बघ! वरचा रंग निघाला, अन् खालून ह्यांचा हात वर आला." मी मान डोलावत "हाव" म्हणालो.

आता मी घरी गेलो की ती गिटार मागते आणि त्या जागेवर हात ठेवून बसते. मी घासलेल्या. तिला खरं सांगायचं माझ्याच्यानं होत नाही. कधीतरी ती तुमच्याकडे येईल आणि पहिलं हेच सांगेल. तेव्हा अप्पा, तुम्हीही हाव म्हणा.