सोनेरी झाकणाची बरणी

प्रिय शहाणे,

हे पत्र वाचताना तू नाक मुरडशील. मुरड. मी तर सकाळपासून रात्रीपर्यंत तेच करतो. फळांच्या गोदामात दुपारच्या सुट्टीत, रिकाम्या पेटीवर बसून, सफरचंदांच्या थरांमध्ये घालतात त्या जांभळ्या कागदावर लिहितोय. समोर सडक्या नासपतींचा ढीग आहे. हा वास साबणाने जात नाही. तुला भेटायच्या आधी मी दोनदा आंघोळ करतो, आणि तू म्हणतेस, काय रे, नटून आलास.

आमच्या घरी तू कधी आली नाहीस, कारण मी तुला येऊ दिलं नाही. दरवेळी आईला बरं नव्हतं म्हणून सांगितलं. ती ठणठणीत आहे. मला लाज वाटायची ती आमच्या स्वयंपाकघराची. खिडकीत सालींच्या व्हिनेगरची बरणी असते, वर पांढरा चिकट तवंग, तोंडाला फडकं आणि फडक्यावर चिलटं. दोरीवर भाज्यांची देठं वाळत असतात, ती पुढे रश्शात जातात. शिळ्या पावाचा चुरा डब्यात, त्या चुऱ्यात देठं कालवून तव्यावर वड्या. दूध नासलं तर घरात कोणी मेल्यासारखी शांतता होत नाही, उलट आईचा चेहरा खुलतो, आता पनीर होईल म्हणते. शिंपीकाकांच्या दुकानात दिवसभर काजं-बटणं करून येते आणि रात्री कोबीच्या दांड्याशी झटापट करते. मी एकदा ओरडलो होतो, आई, कचरापेटीला तरी काही ठेव. ती म्हणाली, ठेवते ना, तुझी जीभ ठेवते.

कॉलेज मी का सोडलं ते तुला वेगळं सांगितलंय. सरांशी तत्त्वावरून वाजलं म्हणालो होतो. तत्त्व कसलं, डबा होता. मागच्या बाकावरच्या लांबुडक्याने माझी वडी दोन बोटांत धरून सगळ्यांना हुंगायला दिली आणि विचारलं, घरी कोंबड्या उपाशी ठेवल्यास का रे. मी त्याचा दात पाडला. सर म्हणाले, माफीनामा लिहून दे, तर मी बाकावर लाथ मारून निघून आलो. तू मला फुरसं म्हणतेस ते उगाच नाही. त्या दिवशी मला चीड लांबुडक्याची आली असं मी समजत होतो. घरी येऊन डबा आईच्या अंगावर फेकला, तेव्हा कळायला हवं होतं, चीड खरी कशाची होती ते. आईने जमिनीवरची वडी उचलली, फुंकर मारली आणि स्वतः खाल्ली. अजून तशीच काटकसर करते, मी पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेईन म्हणून.

आता तुझ्या वाढदिवसाची बरणी. गोदामातून डागाळलेली फळं मी घरी नेतो. आई किडकं तेवढं कोरून काढते, साली आणि बिया फडक्यात बांधून रसात उकळते, त्याने जॅम घट्ट होतो म्हणे. बरण्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडून येतात, विकतच्या जॅमच्या, रिकाम्या झालेल्या. आईचा एक नेम आहे. जुनं लेबल गरम पाण्यात भिजवून, नखाने खरवडून पुरतं काढल्याशिवाय ती बरणी भरत नाही. माझा माल दुसऱ्याच्या नावावर कशाला, म्हणते. त्या दिवशी सोनेरी झाकणाची ती उंची बरणी मी तिच्या हातातून ओढून घेतली. लेबल राहू दे, छान दिसतं म्हणालो. आणि तुला दिली. झाकण आधीच उघडलेलं कसं, विचारलंस, तर म्हणालो, राहवलं नाही, चाखून बघितलं. तू मला हावरट म्हणालीस. मी हसलो. माझ्याच हसण्याची आता शिसारी येते.

पुढचं तू मला गंमत म्हणून सांगत होतीस. तुझ्या बाबांनी बरणी चाटूनपुसून संपवली, दुकानातून तशीच दुसरी आणली, आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. ही नुसती साखर आणि रंग, म्हणाले. तिसरी आणली, तीही तशीच. मग दुकानात जाऊन भांडले, की खरा माल काढून घेता आणि बरणीत भलतंच भरता. मालकाने खापर फोडलं मांडणीवर माल लावणाऱ्या काकूंवर. परवा तू म्हणालीस, काकूंना घरी बसवलंय, आणि शुक्रवारी बाबा लेखी तक्रार देणार. मी मान डोलावली. चहा प्यायलो. वर म्हणालो, अशा लोकांना धडा शिकवायलाच हवा. शहाणे, हे मी म्हणालो.

काल जेवताना आईने विचारलं, त्या मुलीला जॅम आवडला का रे. मी म्हणालो, तिच्याकडे विकतचाच लागतो. तुझे बाबा ज्या चवीसाठी गावभर भांडत सुटले, ती चव जिच्या हातची, तिला मी हे सांगितलं. ती ताट पुसता पुसता म्हणाली, असू दे, विकतचं छानच असतं. मी ताटावरून उठलो. इतके दिवस देठांची, सालींची, तवंगाची किळस येत होती, पण त्यातलं काहीच नासलेलं नव्हतं. आज गुरुवार आहे. गोदामातून निघालो की हे तुझ्या दारात सरकवून मी त्या दुकानात जाणार, मालकाला काकूंना बोलावून घ्यायला लावून दोघांसमोर सगळं सांगणार, आणि तिथून आईकडे. दुकानाचं मला भय नाही, फार तर मारतील. आईला काय सांगायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही. बाबांना हे पत्र तूच वाचून दाखव. खोटा म्हणून मला सोडलंस तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त तो जॅम कोणाचा होता, ते त्यांना कळू दे.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
फुरसं