बडीशेपेच्या छत्र्या

९ फेब्रुवारी

परत एक गेली! परसातल्या बडीशेपेला काल अकरा छत्र्या होत्या — तिच्या पिवळ्या फुलांच्या चपट्या झुबक्यांना मी छत्र्याच म्हणतो. आज दहा. दांडा तिरका कापलाय, एकदम साफ. किड्याने खाल्लं असतं तर कड कुरतडलेली दिसली असती. शेळी शिरली असती तर वाफ्यात खुरं उमटली असती. हे माणसाचंच काम आहे.

आत्याला सांगितलं. "तुझं लक्ष कुठे असतं? वाऱ्यावर," म्हणाली. मग चोराला दहा मिनिटं शिव्या घातल्या. मला बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

करार इथे लिहून ठेवतो, नंतर कोणी शब्द फिरवायला नको. मी आठ दिवसांसाठी आलो होतो. चार महिने झाले. आतोबा जाऊन दोन वर्षं होतील, त्यांची फटफटी शेडमध्ये धूळ खात पडली होती. आत्या म्हणाली, "बडीशेप लाव. दाणे भरून माझ्या बरणीत आले की फटफटी तुझी. मग जा कुठे उंडारायचं तिथे."

फटफटी मी दुरुस्त केलीय. आवाज असा गोड लागलाय की शेडमध्ये नुसतं बसून ऐकत राहावं. समुद्राच्या कडेकडेने जायचं, रस्ता संपेल तिथपर्यंत. किल्ली मात्र दर वेळी आत्याकडे परत जाते. आणि फूलच कापलं तर दाणा धरणार कुठे?

कोणाला तरी मी इथून जायला नकोय. की बडीशेपच नकोय?

१२ फेब्रुवारी

नऊ.

१३ फेब्रुवारी

माझा संशय दुर्बिणीवर. म्हणजे शेजारचे रिटायर्ड मोजणीदार — दिवसभर कुंपणावरून इकडे बघत असतात म्हणून मी ठेवलेलं नाव. मागे एकदा म्हणाले होते, "बडीशेपेच्या शेजारी माझे टोमॅटो रुसतात." घ्या! कारण आहे. छाटणीची कात्रीही आहे, खुंटीला टांगलेली मी पाहिलीय.

१५ फेब्रुवारी

पाळत ठेवली. बादली पालथी घालून कुंपणाशी बसलो. तेवढ्यात एक मुंगी आख्खा पंख डोक्यावर घेऊन निघाली, शिडाच्या होडीसारखी. तिच्या मागोमाग भिंतीपर्यंत गेलो. फटीत पंख मावेना. तिने काय काय करून पाहिलं! अर्धा तास गेला असेल.

परत आलो तर आठ.

१७ फेब्रुवारी

सरळ जाऊन विचारलं. "काका, तुमची कात्री दाखवा."

"केस कापायचेत? कापायला हवेतच."

"आमच्या बडीशेपेची फुलं कोण कापतंय?"

"आणि पोलिसात कधी लागलास तू?"

कात्री दाखवली. गंजून मिटलेली, दोन्ही हातांनी ओढली तरी उघडली नाही. मग म्हणाले, "तू यायच्या आधी तुझ्या आत्याचं मागचं दार दीड वर्ष बंद होतं. आता सकाळपासून तिची बडबड ऐकू येते. तुला रागावते, पण बोलते तरी. मी कशाला काय कापू?"

मला वाटलं, विषय बदलतायत. दुसरी कात्री असणार.

१९ फेब्रुवारी

आत्याला म्हणालो, बाजारात जाऊन येतो. पुढच्या दाराने गेलो, गल्लीला वळसा घालून शेडमध्ये शिरलो. फटफटीमागे उकिडवा बसलो. ऐन दुपार, पाठीवर घामाच्या धारा. आज मुंगीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

मागचं दार उघडलं. आत्या. हातात शिवणकामाची मोठी कात्री, जिला मी हात लावलेला आत्याला चालत नाही. कापडाचा पोत बघावा तशी एकेक छत्री बोटांत धरून पाहिली. जिच्यात हिरवा दाणा धरायला लागला होता ती कापली. पालापाचोळ्याच्या ढिगात खाली दाबली, वरून पानं सारखी केली.

जाता जाता बडीशेपेला म्हणाली, "एवढी कसली घाई झालीय तुला?"

संध्याकाळी जेवताना मलाच सांगते, "आजही नेली रे मेल्याने. सातच राहिल्या."

"दुर्बीण असणार," मी म्हणालो.

"असेल. तू जेव. अजून वाढू?"

वाढ म्हणालो. मान काही वर करता येईना.

२० फेब्रुवारी

फटफटीची साखळी पुसली. काल पण पुसली होती.

२१ फेब्रुवारी

सकाळी आत्या आंघोळीला गेली तेव्हा दोन छत्र्या मीच कापल्या. तिरक्या, तिच्यासारख्या.

दुपारी मी परत फटफटीमागे बसलो. आत्या कात्री घेऊन आली. मोजल्या. परत मोजल्या. शेडकडे पाहिलं. मग कात्री मांडीवर ठेवून वाफ्याच्या कडेला बसून राहिली, खूप वेळ.