आमच्या वाटणीचे बटाटे

२० जून, संध्याकाळ
एल आल्तो शहरातून सासुरवाडीला पोचलो. इथे डोंगरात जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि ही थंडी माणसांसाठी नाही. बादलीतल्या पाण्याचा दगड झालाय.
यंदाचा निश्चय: चुन्योचे, म्हणजे थंडीत गोठवून, पायांनी पाणी काढून वर्षभर टिकवायचे बटाटे मी तुडवणार. अनवाणी. दरवर्षी या घराने ऊब दिली, पोटभर घातलं, आणि मी कंबरेचं निमित्त काढून चुलीला चिकटलो. मनाला लागलंय ते. शिवाय सासूबाईंचे एकदा नीट आभार मानायचे. भाषण तयार आहे.

२१ जून
माळावर बटाटे पसरायचं काम. मेव्हणा इलारियोन म्हणाला, एकावर एक नकोत, सुटे सुटे ठेव, अशी गोठवणारी थंडी दोनचार रात्रीच पडते, हुकली की वर्षभर चुन्यो नाही. मला शिकवतो!
कडेचा तुकडा आमच्या वाटणीचा. तो मी मागून घेतला. सेनोबियाने विचारलं, तुला नक्की जमेल ना? बायको असून विश्वास नाही.
थोडे पसरले. कंबर धरली. उरलेली पोती सरळ ओतली. थंडी माझ्या चार ब्लँकेटांतून आत शिरते, तिला बटाट्यांचा ढीग काय जड आहे? वर ताडपत्री टाकली. वाऱ्यासाठी. (इलारियोनला दिसू नये म्हणून. पण हे फक्त इथे.)

२२ जून, सकाळ
मनाने केव्हाच उठलो होतो. पण सासूबाईंनी गरम दगड फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवला होता. इतक्या मायेने ठेवलेली वस्तू गार व्हायच्या आत सोडून जाणं बरं दिसत नाही.
खिडकीतून पाहिलं. सासूबाई घागरे वर खोचून आधीच्या खेपेचे गोठलेले बटाटे तुडवत होत्या. अनवाणी. टाचांच्या भेगा इथून दिसल्या. फार वाईट वाटलं. इतकं, की परत झोप लागायला वेळ लागला.

२३ जून
वर्षातला सगळ्यात गार दिवस. सान हुआनच्या सणाची शेकोटी पेटवायला मीच जाणार होतो, पण एकदा खोकलो. सासूबाईंनी लगेच निलगिरीचा काढा दिला. म्हणाल्या, जावईबापू, तुमची हाडं शहरातली, तुम्ही आत बसा. किती समजूतदार बाई! आभार आत्ताच मानणार होतो, पण तोंडात काढा होता.

२५ जून
सगळ्यांचं तुडवून झालं. आमचा तुकडा राहिलाय. इलारियोन ताडपत्री काढायला निघाला होता, सासूबाईंनी अडवलं. म्हणाल्या, त्याला हात लावू नका, जावयाची हौस आहे, तोच तुडवेल. शेजारणींनाही सांगून आल्या.
दिवसभर जेवण गेलं नाही. म्हणजे दोनदाच जेवलो.
आभाळ भरून आलंय, हवा जरा उबदार झाली. माझ्यासाठीच, असं वाटतंय. उद्या नक्की.

२६ जून
सगळे बघायला जमले. मी बूट काढले. ताडपत्री ओढली.
वास आला. वरचे अर्धवट गोठून पिचपिचीत, आतले कडक. पाय ठेवला, बटाटे गडगडले, मी खाली बसलो. शेजारणी हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
इलारियोनने आभाळाकडे पाहिलं. म्हणाला, आता यंदा गोठायचं नाही.  मी म्हणालो, ताडपत्रीची क्वालिटीच खराब. 

२७ जून, बसमध्ये
निघताना सासूबाईंनी स्वतःच्या वाटणीच्या चुन्योची, होती ती दोन्ही पोती बसच्या टपावर चढवली. मी नको नको म्हणालो. हळू म्हणालो.
मग टोपी काढली आणि बसच्या दारात उभं राहून सुरुवात केली. आई, तुमच्या या घराने मला... पुढचं येईना.  सगळं पाठ होतं, पण त्यातला एकही शब्द त्यांच्या पायांकडे बघून म्हणण्यासारखा नव्हता.
त्या म्हणाल्या, असू दे जावईबापू, आधी आत चढा, दार उघडं आहे, माणसं कुडकुडतायत.
चढलो.
 गाव मागे पडल्यावर सेनोबिया बोलली. म्हणाली, आभार मानतच होतास, तर आई आता वर्षभर काय खाईल, तेवढंही विचारायचं होतंस.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काच धुकटली होती, काही दिसत नव्हतं.